इंद्रियसंवेदन आणि बुद्धी : भंडारदऱ्यातील काजव्यांच्या संदर्भात

वस्तूचे ज्ञान प्रथम इंद्रियांद्वारे होते. नाव, जाती, गुण यांची जोड त्यास बुद्धी नंतर देते. न्यायदर्शनात या दोन अवस्थांना अनुक्रमे निर्विकल्पक व सविकल्पक प्रत्यक्ष म्हटले आहे. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नाग यांनी तर केवळ पहिल्या अवस्थेलाच प्रत्यक्ष मानले.

या क्रमाचे उत्तम उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील भंडारदरा परिसरात आढळते. मेअखेर व जूनच्या प्रारंभी तेथील हिरडा, बेहडा, सादडा या वृक्षांवर असंख्य काजवे एका लयीत चमकतात. पाहणाऱ्यास प्रथम जाणवते ती उजेड-अंधाराची लय. हा प्रकाश ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन निर्माण होतो व तो जोडीदारासाठीचा संकेत असतो, हे ज्ञान मागाहूनचे. बा. सी. मर्ढेकर यांनीही ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा आधार संवेदनांच्या लयबद्ध रचनेतच शोधला. संवाद, विरोध व समतोल ही त्यांची लयतत्त्वे होत.

मात्र वाहनांच्या व विजेऱ्यांच्या प्रखर झोतात ही लय डोळ्यांना दिसत नाही आणि काजव्यांच्या मीलनसंकेतांतही व्यत्यय येतो. इंद्रियानुभव बुद्धीच्या आधीचा असला, तरी त्यास आवश्यक असा अंधार राखण्याची जबाबदारी बुद्धीवरच येते.