हाताला काम, मनाला सोबत

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने. आमच्या देवगड तालुक्यात हेच दिवस पावसाचे, आणि खरे सांगायचे तर एकटेपणाचेही. हापूसचा हंगाम सरलेला असतो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. भाताची लावणी आटोपली की हाताला काम उरत नाही. कर्ती मुले मुंबई-पुण्याला. घरात एखादी म्हातारी, दारात धो धो पाऊस आणि महिन्याच्या महिन्याला मुलाकडून येणारे पैसे. पूर्वी ते मनीऑर्डरने यायचे, आता बँकेत जमा होतात. एवढाच काय तो फरक! पूर्वी पोस्टमन तरी दारात येऊन दोन शब्द बोलून जायचा.

या दिवसांत आमच्या वाडीतल्या विहारात ग्रंथवाचन चालते. वाचन संपले की बायका लगेच उठत नाहीत, पायरीवर रेंगाळतात, हे आमच्या लक्षात आले. घरी जाऊन करायचे काय, हा प्रश्न प्रत्येकीच्या चेहऱ्यावर असायचा. त्यातूनच हस्तकलेच्या बैठकीची कल्पना निघाली. आमच्यात कोणी कारकून, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी निवृत्त शिक्षिका. पगारी माणूस एकही नाही. बुधवारी दुपारी विहाराचे दार उघडायचे, सतरंजी अंथरायची, सुई-दोरा मधे ठेवायचा. जिला यायचे तिने यावे.

पहिल्या बुधवारी पाचजणी आल्या. सुरुवात गोधडीने केली, कारण तिला भांडवल लागत नाही. जुने लुगडे आणि विटलेल्या साड्या प्रत्येक घरात असतात. कपड्यांचे थर अंथरायचे, कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचे. एका गोधडीभोवती चौघी बसतात. नजर टाक्यावर असते, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायला जे जड जाते ते इथे सहज बोलले जाते. सुनेशी पटत नाही, मुलाचा फोन आला नाही, गुडघा दुखतो, रात्री झोप लागत नाही. एक आजी म्हणाल्या, "भिंतीवांगडा बोलण्यापरास हय चार टाके घातलेले बरे."

हे काही आमचेच शहाणपण नाही. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी सुतारकामाच्या सामायिक शेड सुरू झाल्या. नोकरी संपलेला पुरुष घरात कोंडला जातो, मनातले बोलत नाही. हातात रंधा दिला तर शेजारच्याशी बोलू लागतो, एवढाच त्यामागचा विचार. २००७ साली त्यांची देशपातळीवर संघटना झाली आणि आज तिथे हजाराहून अधिक शेड आहेत. इंग्लंडमधल्या ७,१८२ लोकांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. हस्तकला करणाऱ्यांना आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटते, आपले जगणे मोलाचे वाटते, असे त्यात दिसून आले. आमच्या आजींना हे आधीच ठाऊक होते!

वादाचा विषय : बांबू

गोधडीवर कोणाचा आक्षेप नव्हता. वाद झाला तो बांबूवरून. दुसऱ्या वर्षी दोघीतिघींनी सुचवले की आपल्या म्हाताऱ्यांना सूप, रोवळी, हारा विणता येतो, त्यांच्या पश्चात ही कला जाईल, तर तेही शिकवू या.

त्यावर वाडीतले एक आजोबा उठून उभे राहिले. गिरणीत नोकरी केलेली, १९८२ च्या संपानंतर गावी परतलेले, चळवळीत उमेद घालवलेले. ते म्हणाले, "आमी जा काम सोडला, ता पोरांच्या हातात परत कित्याक देतास?"

सभा शांत झाली. बंधू-भगिनींनो, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. घाटावर बांबूकाम बुरुडांकडे होते, पण आपल्या दक्षिण कोकणात आणि गोव्यात ते आपल्याच लोकांच्या वाट्याला आले होते. सूप आपण विणायचे, त्यात धान्य दुसऱ्याने पाखडायचे, मोबदल्यात पदरात पडेल ते पसाभर भात घ्यायचे. विणणाऱ्याच्या हातची टोपली घरात चालायची, विणणारा मात्र अंगणाबाहेर. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे व मृतमांस खाणे सोडण्याची हाक दिली, ती याच लाचारीतून बाहेर पडण्यासाठी. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, आणि त्यात माणसाची आवड विचारलीच जात नाही, हे त्यांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले. त्या उतरंडीतून बाहेर पडलेल्या माणसाला पुन्हा कोयता आणि कामट्या दिसल्या की त्याच्या पोटात खड्डा पडणारच.

हा प्रश्न आमच्याच वाडीचा नाही. २०२३ साली केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत आणि टोपल्या, चटया, झाडू व काथ्याचे काम त्यात मोडते. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशा सवलती आहेत. परंतु तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला पत्र लिहून ही योजना आहे त्या स्वरूपात राबवण्यास नकार दिला. कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायाची अट घातली तर जातीचे धंदेच पक्के होतात, हा त्यांचा आक्षेप होता. आमच्या आजोबांनी विहारात विचारले तेच एका राज्य सरकारने दिल्लीला विचारले!

आम्ही काय ठरवले

दोन बुधवार आम्ही फक्त यावरच बोललो. काम हलके नसते, हलके असते ते जन्मावरून लादणे आणि मोल दुसऱ्याने ठरवणे, या मुद्द्यावर बहुतेकांचे एकमत झाले. मग तीन नियम झाले. पहिला, शिकणाऱ्याची जात, वाडी, आडनाव विचारायचे नाही. कोणत्याही वाडीतल्याने यावे आणि आपल्या मुलाने नको म्हटले तर त्याला कोणी टोचून बोलू नये. दुसरा, वस्तूची किंमत आपण लिहायची. तिसरा नियम आजोबांनीच घातला : शाळा-अभ्यासाच्या वेळेत एकाही मुलाला किंवा मुलीला कामाला बसवायचे नाही. हा नियम फळ्यावर सगळ्यात वर लिहिला आहे.

आपल्याच जिल्ह्यात यासाठी उदाहरणे आहेत. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला आणि जन्माने ब्राह्मण असूनही चर्मकामाला हात घातला. गांधीवाद्यांच्या मार्गाशी आपल्या चळवळीचे मतभेद होते आणि आहेत. पण कसब कुणाच्या रक्तात नसते, ते हाताने शिकायचे असते, एवढे तिथे नक्की दिसले. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला तिथे जपली आहे. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांनी कला जपली त्यांच्याच हाती ती जागा राहिली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. कुडाळलाच २००४ पासून कोनबॅक ही संस्था बांबूचे फर्निचर आणि घरबांधणीचे काम करते. म्हणजे बांबू सुपापुरता उरलेला नाही.

आपल्याकडचा माणगा बांबू भरीव आणि सरळ, बांधावर लावलेला. २०१७ साली वनकायद्यात दुरुस्ती होऊन बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे आपल्या जमिनीतला बांबू तोडणे व नेणे सोपे झाले.

चुकांमधून शिकलेले

कामाच्या बाबतीत आमच्या चुका पुष्कळ झाल्या. पहिल्या पावसाळ्यात तयार टोपल्या बंद खोलीत रचून ठेवल्या. पंधरा दिवसांनी पाहतो तो सगळ्यांवर बुरशी! आता माल वाऱ्यावर टांगून ठेवतो. कोवळा बांबू वापरल्याने काही टोपल्यांना कीड लागली. बांबूत पिठूळपणा असला की भुंगा येतो, म्हणून तीन वर्षांपुढचा पक्का बांबू घ्यावा आणि काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, हे जुन्या माणसांनी सांगितले तेव्हा कळले.

दुसरी चूक हिशेबाची. एका व्यापाऱ्याने गोधड्या मागितल्या. आम्ही आनंदाच्या भरात त्याने सांगितलेल्या भावाला दिल्या. नंतर वहीत तास मांडले तर बाईच्या दुपारभराच्या कष्टाला चहाचे पैसेही पडले नव्हते. म्हणजे पुन्हा तेच बलुते! तेव्हापासून आम्ही मजुरी आधी धरतो. समजा एका रोवळीला ४० रुपयांचा बांबू आणि ४ तास लागले. तासाला ४० रुपये धरले तर १६० मजुरी, एकूण २००. त्याखाली विकायची नाही. न विकली गेली तरी चालेल, घरात वापरू.

ज्यांना असे केंद्र सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. किल्ली एकाकडे ठेवू नये, दोघांकडे ठेवावी, नाहीतर एक आजारी पडला की दार बंद. पाच रुपये आले तरी पावती फाडावी आणि दर महिन्याला हिशेब सर्वांसमोर वाचावा. बँकेत दोन सह्यांचे खाते असावे. देणग्या येऊ लागल्या की किमान सातजणांची संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदवून, सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करून घ्यावी. नोंदणीची घाई मात्र करू नये. आधी बैठक टिकू द्या.

आंब्याच्या दिवसांत बैठक ओस पडते, कारण सगळ्या बागेत कामाला असतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पाऊस आला की त्या परत येतात.

आणि एक सांगायचे राहिले. गोधडीने प्रत्येक दुखणे बरे होत नाही. गेल्या वर्षी एक बहीण सलग तीन बुधवार आली नाही. चौथ्या दिवशी आम्ही दोघी-तिघे तिच्या घरी गेलो. ती अंथरुणातच होती, जेवण सुटलेले. तिला डॉक्टरांकडे नेले. शेजारी बसलेली जागा रिकामी दिसली म्हणूनच ते कळले. अशा वेळी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांकही ध्यानात ठेवावा. २०२२ पासून तो चालू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

ते आजोबा आता दर बुधवारी येतात. खुर्च्यांचे मोडलेले पाय दुरुस्त करतात, पोरांना गिरणीच्या गोष्टी सांगतात. बांबूला मात्र ते अजून हात लावत नाहीत, आणि त्यांना कोणी आग्रह करत नाही. त्यांच्या नातीने गेल्या पावसाळ्यात एक शिपतर विणले, बारावीचा अभ्यास संपवून. तिने ते त्यांना दाखवले. त्यांनी फिरवून पाहिले, वीण ओढून पाहिली आणि विचारले, "किंमत लिवलं काय गो?"

तिने लिहिली होती.

आपल्या वाडीतही एक विहार किंवा समाजमंदिर असेल, आठवड्यातले सहा दिवस कुलूप लावलेले. त्यातला एक दिवस ते उघडा. जयभीम!