टर्बो इंजिनातील हवेचा दाब : समज व जुळणी

भोरकडील भाजीपाला पहाटेपूर्वी पुण्याच्या गुलटेकडी बाजारात पोहोचला, तरच त्यास बरा भाव मिळतो. अशा वेळी कात्रजच्या चढावर भरलेली पिकअप गाडी धापा टाकू लागली व मागे काळा धूर सोडू लागली, म्हणजे मालकाचा जीव कासावीस होतो. मग "टर्बोचा बूस्ट जरा वाढवून घ्या," असा सल्ला कोणीतरी देतो. हा सल्ला बहुधा चुकीचा असतो.

खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या स्थापनेपासून, म्हणजे १९४६ पासून, या भागातील शेतकऱ्यास डिझेल इंजिनाचा परिचय आहे. परंतु विहिरीवरील साध्या इंजिनास टर्बो नसे. त्यामुळे तेथील अनुभव येथे अपुरा पडतो.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात पुष्कळ शक्ती वाया जाते. ती वापरण्याच्या युक्तीचे पेटंट आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतले. धुराच्या झोताने एक लहान चक्र फिरते व त्याच आसावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. मोटारीत हा आस मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. हवा अधिक मिळाली, की अधिक डिझेल नीट जळते. दाबल्याने हवा तापते, जसा सायकलचा पंप तापतो. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून घेतात.

वातावरणाच्या दाबाहून जितका अधिक दाब या हवेस मिळतो, तो बूस्ट होय. टायरच्या मापकाप्रमाणे बूस्टचा काटाही केवळ हा वरचा दाब दाखवितो. १ बार म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड. समुद्रकाठी वातावरणाचा दाब १.०१ बार असतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तो ०.९५ च्या आसपास असतो. म्हणजे काट्यावर १ बार दिसत असता मुंबईत इंजिनास एकूण २.०१ बार मिळतो, पुण्यात १.९५. उंचावर ही तूट भरून काढण्यास टर्बोस अधिक वेगाने फिरावे लागते, हे ध्यानी ठेवावे.

दाब मर्यादेत ठेवण्याचे काम वेस्टगेट ही झडप करते. दाब ठरावीक मर्यादेस पोहोचला, की ॲक्च्युएटरमधील पडदा स्प्रिंगला रेटून दांडी पुढे ढकलतो, झडप उघडते व काही धूर चक्रास वळसा घालून निघून जातो. दांडी आखूड केली, की झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. युक्ती एवढीच, पण होस पाइपास चीर असेल, तर हवा तेथूनच निसटते, टर्बो मात्र मर्यादेबाहेर फिरून आपली बेअरिंगे झिजवितो. डिझेल इंजिनात हेड गॅस्केट फुटण्याचा संभव असतो. पेट्रोल इंजिनात तर ठोके पडून पिस्टनच वितळू शकतो.

म्हणून प्रथम एअर फिल्टर पाहावा. नंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे व तेथून इंजिनापर्यंतचे पाइप हाताने दाबून, वाकवून तपासावे. क्लॅम्पपाशी तेलकट धूळ साचली असेल अथवा चढावर शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर गळती तेथेच शोधावी. त्यानंतरच मापक जोडावा. भरलेली गाडी चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरने चालवावी व काटा शेजारी बसलेल्याने वाचावा, चालकाने नव्हे. आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. दांडी कोणत्या दाबास हलू लागते, हे हातपंप व मापकाने पाहता येते. तेथेच फरक आढळला, तर चेकनट सैल करून अर्धा फेरा फिरवावा व पुन्हा मोजावे.

ही जुळणी साध्या वेस्टगेटपुरती आहे. नव्या गाड्यांत दाबाचे नियंत्रण संगणक करतो. तेथे दांडीस हात न लावता दोषाचा संकेत यंत्रावर वाचून घ्यावा.

चढ संपताच गाडी थांबवावयाची असल्यास इंजिन लगेच बंद करू नये. एखाद-दोन मिनिटे ते मंद चालू ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोतील तेल जळून त्याची काजळी बेअरिंगात बसत नाही.