'शॅल' की 'शुड'? एका क्रियापदाने अडवलेला करार

१२ डिसेंबर २०१५, शनिवारची संध्याकाळ. पॅरिसजवळच्या ल बूर्जे इथे जगभरचे प्रतिनिधी हवामान करारावर शिक्कामोर्तब होण्याची वाट पाहत होते आणि बैठक काही केल्या सुरू होईना. गाडं अडलं होतं चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात. विकसित देशांनी उत्सर्जन कपातीची उद्दिष्टं ठरवून पुढाकार घेत राहावा, अशा अर्थाच्या वाक्यात 'शॅल' छापलं गेलं होतं. विकसनशील देशांसाठीच्या त्यापुढच्या वाक्यात मात्र 'शुड' होतं.

अमेरिकेने हरकत घेतली. 'शॅल' राहिलं असतं, तर कपातीचं कायदेशीर बंधन आलं असतं आणि मग करार सिनेटपुढे न्यावा लागला असता. तिथे दोन तृतीयांश मतं मिळण्याची आशा नव्हती. अखेर सचिवालयाने किरकोळ दुरुस्त्यांची एक यादी वाचून दाखवली. त्या यादीतच 'शॅल'चं 'शुड' झालं आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लॉराँ फाबियुस यांनी हातोडा आपटला. यादी किरकोळ दुरुस्त्यांची होती, पण हा बदल किरकोळ नव्हता. श्रीमंत देशांवरचं बंधन तिथे सैल झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने 'शुड' हे मुळात 'शॅल'चंच भूतकाळी रूप. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ 'देणं लागणं' असा होता. 'शॅल'मध्ये ते देणं अजून शिल्लक आहे: करायचंच, पर्याय नाही. 'शुड'मध्ये उरते ती अपेक्षा. योग्य काय ते सांगितलेलं असतं, पण सबळ कारण असेल तर बाजूला जायची वाट मोकळी असते. हा फरक सर्वांत नेमका मांडलाय तो इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या अभियंत्यांनी. १९९७ च्या 'आरएफसी २११९' या छोट्या दस्तऐवजात 'मस्ट' आणि 'शॅल' एका पंक्तीत बसवले आहेत. 'शुड'बद्दल तिथे म्हटलंय की विशिष्ट परिस्थितीत ते पाळलं नाही तरी चालेल, मात्र परिणामांचा पुरता विचार करूनच. 'मे' म्हणजे सर्वस्वी ऐच्छिक.

शाळेत यातलं फारसं कुणी सांगत नाही. तिथे घोकून घेतलं जातं ते 'आय' आणि 'वी'पुढे 'शॅल', बाकीच्यांपुढे 'विल'. हा नियम १६५३ मध्ये जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. आजच्या बोलण्यातून तो जवळपास गेला, 'शॅल' उरलं ते मुख्यतः कायद्यात आणि करारात. म्हणजे जिथे त्याचा अर्थ कळणं सर्वांत गरजेचं, त्याच जागेबद्दल विद्यार्थ्याला काही ठाऊक नसतं.

आपल्या राज्यघटनेचं ७४ वं कलम पाहा. राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढंच मूळ मजकुरात होतं. तो सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे का, हा प्रश्न तेव्हाचे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी १९६० मध्ये जाहीरपणे उपस्थित केला होता. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने सल्ल्यानुसार वागण्यासाठी 'शॅल' घातलं आणि प्रश्न मिटवला. मग १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीत एक 'मे' आलं: राष्ट्रपती सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्यापुढे पुन्हा 'शॅल'. या 'मे'ला किती वजन आहे, ते १९९७ मध्ये दिसलं. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारने तो विचार सोडून दिला.

अर्थात 'शॅल' दिसलं की विषय संपला, असंही नाही. ३२० व्या कलमात लोकसेवा आयोगाशी सल्लामसलत करण्याबाबत 'शॅल' आहे. तरीही ती न केल्याने सरकारी कर्मचाऱ्यावरची कारवाई रद्द ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव प्रकरणात दिला. न्यायालय शब्दाबरोबर तरतुदीचा हेतूही पाहतं. उलट काही ठिकाणी 'मे'चाही अर्थ बंधनकारक असा लावला जातो. 'मे नॉट' तर फारच फसवं: 'कदाचित होणार नाही' आणि 'करायला परवानगी नाही' हे दोन्ही अर्थ त्यातून निघतात. अशा संदिग्धतेला कंटाळून अमेरिकेच्या संघीय न्यायालयांनी २००७ मध्ये आपले दिवाणी नियम नव्याने लिहिले, तेव्हा 'शॅल' काढून बंधनाच्या जागी सरळ 'मस्ट' वापरलं.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की नववी-दहावीच्या वर्गात रिकाम्या जागा भरून घेण्याआधी भाडेकराराचं एखादं पान वाचून घ्या. भाडेकरूपुढे 'शॅल' कुठे आहे, मालकापुढे 'मे' कुठे आहे, हे मुलांनाच शोधू द्या. आणि वाचकहो, नोकरीचा, कर्जाचा किंवा घराचा इंग्रजी करार समोर आला, तर सहीआधी पेन्सिल घेऊन 'शॅल', 'शुड', 'मस्ट' आणि 'मे' ही चार क्रियापदं अधोरेखित करा. कोण बांधला गेलाय आणि कोण मोकळा आहे, ते तिथेच लिहिलेलं असतं.