घाम का येतो, आणि तो का अडवू नये?

आमच्या वस्तीतील काही मुले पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. सकाळी फिरायला गेलो की ती मैदानावर भेटतात. एकदा ऐन एप्रिलमध्ये त्यांतील दोघे अंगात प्लास्टिकचा रेनकोट घालून धावताना दिसले. विचारले, तर म्हणाले, "काका, घाम जेवढा जास्त, तेवढं वजन लवकर उतरतं." मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून; शास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु हा समज जिवावर बेतू शकतो असे वाटले म्हणून थोडे वाचन केले. त्याचे सार येथे देत आहे.

आपल्या शरीराच्या आतील तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जेमतेम पाव भाग प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकली नाही तर तापमान झपाट्याने चढेल. यावर लक्ष ठेवणारे केंद्र मेंदूत असते. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. त्याच्याजवळ दोन उपाय आहेत.

पहिला उपाय रक्ताचा. धावायला सुरुवात होताच त्वचेतील रक्तवाहिन्या प्रथम आकसतात, कारण स्नायूंना रक्त हवे असते. अंग तापू लागले की हे आकसणे सैल होते आणि नंतर दुसऱ्या प्रकारच्या मज्जातंतूंच्या आज्ञेने त्या चांगल्याच रुंदावतात. आतील उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते. एरवी संपूर्ण त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. स्वस्थ बसलेल्या माणसाला खूप उष्णता दिली तर हेच प्रमाण ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकते. धावताना मात्र ते इतके वाढू शकत नाही.

दुसरा उपाय घामाचा. आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. पण अंगाला थंडावा घाम सुटल्याने मिळत नाही, घाम वाळल्याने मिळतो. माठातले पाणी गार होते, ते याच तत्त्वावर. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. टपटप गळून पडलेला घाम मात्र वाया जातो. म्हणूनच कोकणातील दमट हवेत घाम भरपूर येतो, तरी जीव कासावीस होतो. विदर्भात उन्हाळ्यात हवा त्वचेपेक्षाही तापलेली असते, तेव्हा तर घाम वाळणे हाच एक मार्ग उरतो.

आता अडचण पाहा. बँकेत रोकड मर्यादित आणि दोन खिडक्यांवर एकाच वेळी रांग, अशी शरीराची स्थिती होते. रक्त एकूण सुमारे ५ लिटर. स्नायूही मागतात, त्वचाही मागते. शिवाय घामाचे पाणी शेवटी रक्तातूनच जाते. पाणी कमी पडले की शरीर त्वचेचा रक्तपुरवठा आणि घाम, दोन्हींत कपात करते आणि आतली उष्णता साठत जाते.

रेनकोटाने नेमके हेच घडते. आतली हवा दमट होते, घाम वाळत नाही. पाणी जाते, थंडावा मात्र मिळत नाही. उतरलेले वजन पाण्याचे असते, ते पाणी प्यायल्यावर परत येते.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचा जीव गेला. त्यानंतर ते अंतर ३ किलोमीटर करण्यात आले. घराघराच्या आशा ज्यांच्यावर असतात, अशीच ही मुले होती.

विद्यार्थी मित्रांनो, शरीराला उन्हाची सवय करता येते. रोज थोडा थोडा सराव वाढविला तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर व अधिक सुटू लागतो, त्यातून मीठही कमी जाते. तेव्हा सैल सुती कपडे घाला, तहानेप्रमाणे पाणी प्या, सकाळी लवकर धावा. धावता धावता एखादा बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात असू शकतो. अंगाला घाम असला तरीही. त्याला सावलीत न्या, सर्वांगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

ती दोन मुले आता रेनकोट घालीत नाहीत. घाम म्हणजे कष्टाचे मोजमाप नव्हे. कष्ट करणाऱ्याचे ते संरक्षण आहे. ते अडवू नका.