रिपोर्टमधली एक ओळ म्हणजे एक पेशंट नव्हे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका हॉस्पिटलच्या (नाव नको) डेटाबेसमधून मधुमेहाच्या पेशंटची संख्या काढली आणि मोठ्या उत्साहाने गाईडसमोर ठेवली. सरांनी एकच विचारलं, "मधुमेहाची ओपीडी आठवड्यातून एकदाच असते ना तिथे? मग एवढी माणसं बसली कुठे?"

मी पेशंट मोजलेच नव्हते, ओळी मोजल्या होत्या.

ही चूक नेमकी कशी होते ते ओपनएमआरएसवर बघू. वैद्यकीय नोंदींसाठीचं हे मोफत सॉफ्टवेअर २००४ पासून आहे. त्यात पेशंटची एक ओळ असते, त्याच्या प्रत्येक भेटीची वेगळी आणि भेटीतल्या प्रत्येक निरीक्षणाची आणखी वेगळी. समजा, एक आजी चार वेळा आल्या आणि दर वेळी वजन, साखर, वरचं बीपी, खालचं बीपी नोंदलं, तर झाल्या सोळा ओळी. तीन टेबलं जोडून नुसतं 'काउंट' म्हटलं की उत्तर सोळा येतं, 'काउंट डिस्टिंक्ट' म्हटलं की एक. शिवाय तिथे खोडलेली नोंद पुसली जात नाही, तिच्यावर 'व्हॉइडेड' अशी खूण होते. ती गाळायला विसरलात तर चुकीची टाइप केलेली साखरही हिशेबात येते.

डिस्टिंक्ट लावलं की काम झालं, असं मलाही वाटलं होतं. पण सरासरी काढताना काय कराल? ज्यांची साखर आटोक्यात नाही ते जास्त वेळा येतात, म्हणजे त्यांच्या ओळी जास्त. सगळ्या ओळींची सरासरी आपोआप वर सरकते. पहिलं रीडिंग घ्यायचं, शेवटचं, की प्रत्येकाची आधी वेगळी सरासरी? हे टूल ठरवत नाही, तुम्हालाच ठरवावं लागतं.

आमच्या प्रभादेवीजवळच याचं सगळ्यात जुनं उदाहरण आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली. नोंदी आपणहून येत नाहीत, रजिस्ट्रीची माणसं हॉस्पिटलांत जाऊन त्या गोळा करतात. आता एखाद्या बाईची बायोप्सी एका ठिकाणी, ऑपरेशन परळच्या टाटा मेमोरियलला आणि किरणोपचार तिसरीकडे झाले, तर कागद तीन, कॅन्सर एक. त्यात एकीकडे नाव सुनीता, दुसरीकडे सुनिता, तिसरीकडे माहेरचं आडनाव!

पत्त्याची गंमत वेगळीच. टाटाला देशभरातून पेशंट येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणाऱ्या माणसाने तोच पत्ता दिला आणि तुम्ही रिपोर्टला ४०००१४ चा पिनकोड फिल्टर लावला, तर तो दादरकर होऊन बसेल. म्हणून रजिस्ट्रीत किमान एक वर्षाचं वास्तव्य विचारतात. नाहीतर मुंबईचा कॅन्सरचा दर विनाकारण फुगेल.

अशा रजिस्ट्रींसाठी फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅनरेग हे मोफत सॉफ्टवेअर दिलं आहे. मला त्याची एक गोष्ट आवडते. ते मिळत्याजुळत्या नोंदींच्या जोड्या समोर ठेवतं, पण 'ही एकच व्यक्ती' हा निर्णय माणसावर सोडतं. बाईच्या नोंदीत प्रोस्टेटचा कॅन्सर दिसला तरी हटकतं. आणि उलटंही लक्षात ठेवा: एकाच व्यक्तीला दोन वेगळे मूळ कॅन्सर झाले, तर रजिस्ट्रीत ती दोन प्रकरणं. तिथे डिस्टिंक्ट लावणं हीच चूक!

आता मी क्वेरी लिहिण्याआधी वहीत एक वाक्य लिहिते: काय मोजतेय, कुठल्या काळातलं, आणि तारीख कुठली, निदानाची की नोंदणीची. मग रिपोर्टमधले कुठलेही दहा पेशंट उचलून मूळ केसपेपरशी ताडून बघते. कंटाळवाणं आहे, अख्खी दुपार जाते. पण त्या मधुमेहाच्या आकड्याचं मी हेच केलं तेव्हा तो एक चतुर्थांशाच्याही खाली आला, आणि सिनॉप्सिसमधला सॅम्पल साइझ मला नव्याने काढावा लागला.