चित्रफीत थांबविण्याचे प्रयोजन

प्राथमिक वर्गात चित्रफीत दाखवावी की न दाखवावी, हा वाद आता मागे पडला आहे. ती केव्हा थांबवावी, याचा विचार मात्र आपल्या अध्यापनशास्त्रात अजून पुरेसा झालेला नाही.

आपल्या ग्रामीण शाळांपर्यंत हे साधन मोठ्या प्रमाणावर प्रथम पोहोचले ते ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला (महाराष्ट्र त्यांत नव्हता). पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी सकाळचा कार्यक्रम साडेबावीस मिनिटांचा असे. पहिलीचे मूल आणि पाचवीचे मूल या दोघांस गती एकच. शिक्षकाने बोलावयाचे ते आधी किंवा नंतर. प्रक्षेपणाची ती मर्यादाच होती. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' मंचावरील फिती हव्या त्या क्षणी थांबविता येतात. तथापि त्या सलग चालविल्या, तर मर्यादा गेली आणि दोष राहिला, असे म्हणावे लागेल.

हा दोष कोणता? गाव्रिएल सॅलोमन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहावीच्या काही मुलांना एक कथा पडद्यावर दाखविली, काहींना तीच वाचावयास दिली. वाचणाऱ्यांनी अधिक बौद्धिक श्रम केले व अनुमानाचे प्रश्न अधिक चांगले सोडविले. पडदा सोपा, ही मुलांची समजूतच त्यांस शिथिल करते. मेयर व चँडलर यांनी २००१ साली विजेच्या उत्पत्तीचे चलच्चित्र सोळा खंडांत विभागून दाखविले, तेव्हा सलग पाहणाऱ्यांपेक्षा खंडशः पाहणाऱ्यांना ज्ञानाचे उपयोजन अधिक साधले. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते, हे विसरून चालणार नाही. परंतु दृश्य स्मृतीत स्थिरावण्यापूर्वीच पुढे सरकते, ही अडचण लहान मुलांस अधिकच जाचणार.

मटकीला मोड आलेले मूल घरी पाहतेच. त्याची फीत कशाला? उलटे ठेवलेले बी मात्र निराळे. त्याचे मूळ वळून खाली जाते, ही काही दिवसांची क्रिया फितीत अर्ध्या मिनिटात दिसते. मूळ वळण्यापूर्वी फीत थांबवावी, ते कोणीकडे जाईल हे प्रत्येकास पाटीवर काढावयास सांगावे, का ते विचारावे, आणि मगच पुढे चालवावी. अशा अर्ध्या मिनिटाच्या फितीस वर्गात पंधरा मिनिटे सहज लागतात. पाठ-टाचणात तेवढा वेळ धरलेला नसेल, तर शिक्षक फीत थांबविणार नाही.