कुत्र्यासोबत रानात एक रात्र: निघण्याआधी, मुक्कामात आणि परतल्यावर

पावसाळा संपला की सह्याद्रीतल्या डोंगरवाटांवर निघणाऱ्यांची संख्या वाढते. अनेकजण घरच्या कुत्र्यालाही सोबत नेतात आणि एक रात्र तंबूत काढतात. यात गैर काही नाही, पण तयारी हवी. कुत्रा वाट सोडून गवतात शिरतो, साचलेले पाणी पितो, गावातल्या कुत्र्यांच्या अंगावर जातो आणि रात्री तुमच्याच पांघरुणात येऊन झोपतो. त्यामुळे त्याची काळजी आणि तुमची काळजी वेगळी करता येत नाही.

निघण्याआधी

मुक्कामाची जागा आधी ठरवा. अभयारण्यात परस्पर तंबू ठोकू नका आणि कुत्राही नेऊ नका. गावाजवळच्या खासगी जमिनीत मालकाला विचारून राहणे सोयीचे असते. गरज पडल्यास मदतही लवकर मिळते.

कुत्र्याची रेबीजची लस चालू वर्षाची आहे ना, हे तपासा. लेप्टोस्पायरोसिसची लस आणि गोचिडांवरचे औषध याबाबत पशुवैद्यकांना विचारा. लेप्टोचे जंतू उंदरांप्रमाणेच कुत्र्याच्या लघवीतूनही पसरू शकतात. पायाला जखम असेल तर डबक्यात उतरू नका. दोघांसाठीही पिण्याचे पाणी घरूनच न्या.

तुमच्या औषधांच्या डब्यापासून कुत्र्याला लांब ठेवा. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला स्वतःच्या मनाने देऊ नका. चॉकलेट, कांदा आणि चिवड्यातले बेदाणेही त्याला अपायकारक असतात.

मुक्कामाच्या जागेपासून सर्वात जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते, तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे का, हे फोन करून विचारून घ्या. डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असे नाही, म्हणून ही माहिती कागदावर लिहून ठेवा. मधुमेह, दमा किंवा रक्तदाबाची औषधे एका दिवसाची जास्त घ्या.

रात्रीच्या वेळी

कुत्र्याला तंबूबाहेर बांधून ठेवू नका. बिबट्या कुत्र्याची शिकार करतो. कुत्रा आत घ्या आणि तंबूची चेन पूर्ण बंद करा. त्याला ये-जा करता यावी म्हणून ती उघडी ठेवणे धोक्याचे आहे. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावू शकतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, कधीकधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळायला किंवा बोलायला त्रास होणे अशी लक्षणे दिसली, तर साप पाहिलेला नसला तरी तातडीने रुग्णालय गाठा.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. अंगठी, घड्याळ काढा. हात किंवा पाय हलू देऊ नका आणि १०८ वर फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, त्यामुळे साप पकडण्यात वेळ घालवू नका.

कुत्र्यांची भांडणे सोडवताना माणसाला चावा बसतो. तसे झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. चावा आपल्याच कुत्र्याचा असला तरी डॉक्टरांना दाखवा.

परतल्यावर

घरात शिरण्यापूर्वी कुत्र्याचे कान, मान, काखा आणि बोटांमधली जागा तपासा. स्वतः आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका, चटका देऊ नका. सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी या भागांत गोचिडांमुळे होणारा माकडताप आढळला आहे. तिथे जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. गवतातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिगर माइट्सच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा आजार होतो. त्याचा ताप लगेच येत नाही. साधारण १० ते १२ दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही येतो. तोवर सहल विसरलेली असते. रुग्ण ‘ताप आहे, डोके दुखते’ एवढेच सांगतो, आणि डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या निगेटिव्ह येतात. कंबर, काख किंवा जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली असू शकते, पण ती प्रत्येकालाच दिसते असे नाही. हा आजार डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. ताप आल्यावर अनेकजण दुकानातून आणतात त्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या यावर चालत नाहीत. उपचाराला उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो.

म्हणून परतल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. पुढच्या तीन आठवड्यांत घरातल्या कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना न विचारताही सांगा: ‘आम्ही अमुक तारखेला, अमुक ठिकाणी रानात झोपलो होतो, सोबत कुत्रा होता.’ एवढ्या एका वाक्याने योग्य तपासणी आणि उपचार लवकर सुरू होऊ शकतात.